जुन्या पीसीवर लिनक्स मिंट

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते बारा-पंधरा वर्षांच्या पीसीत बहुधा नसतं. अशा मशीनवर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती छान चालते. रॅम किमान २ जीबी, पण ४ असेल तरच सुखाने. जुन्या हार्ड डिस्कऐवजी पुण्याच्या तापकीर गल्लीतून २४० जीबीची साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) आणून बसवा. खरा फरक तिथेच पडतो.

आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइल उघडून खात्री करा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) लिहा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं. पीसी सुरू होताना एफ१२ (काहींत एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनही चालतं, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी तिथूनच वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून घ्या. इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, रेड (RAID) वरून एएचसीआय (AHCI) करा. डिस्क पुसायचा पर्याय निवडताना तिचं नाव आणि आकार दोनदा वाचा, इथली चूक परत फिरवता येत नाही.

नंतर प्रत्येक वेबसाइट उघडताना ब्राउझर सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) तक्रार करू लागला तर पीसीची तारीख बघा. ती सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदला.