डायचं इंजेक्शन घ्यायच्या आधी किडनीचं बघा, उन्हाळ्यात तर नक्कीच

आमच्या नानांची अँजिओग्राफी मे महिन्यात झाली. यावलकडचं गाव, केळीचा बाग, ऊन ४४-४५ डिग्री, त्यात "उपाशी या" सांगितलं म्हणून माणसाने रात्रीपासून पाण्याचा घोटही घेतला नाही आणि तसेच गाडीत बसले. शुगर जुनी, गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक रोज चालू, आणि हे आम्ही कोणी डॉक्टरला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन (रक्तातला घटक, किडनीचं काम मंदावलं की वाढतो) १.३ वरून २.१. नशीब की दोनेक आठवड्यात खाली आलं. म्हणून सांगतोय, कळकळीने.

सगळ्यात आधी विचारा की डाय, म्हणजे फोटोत नसा-अवयव नीट दिसावेत म्हणून देतात ते औषध, देणार आहेत का. मुतखड्यासाठीचा सीटी बहुतेक वेळा साधाच असतो, सोनोग्राफीत तर हा डाय नसतोच. पण अँजिओग्राफी, कॉन्ट्रास्ट सीटी यात आयोडीनवाला डाय शिरेतून नाहीतर धमनीतून जातो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. निरोगी किडनीला सहसा काही होत नाही, भीती आहे ती आधीच कमजोर किडनीला, म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजे आकडा) ३० च्या खाली असेल तर जास्तच, आणि अंगात पाणी कमी असेल तर आणखी.

मग क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा, सहा महिन्यांपूर्वीचा नको, आणि त्यावरून ईजीएफआर किती येतो ते डॉक्टरलाच विचारा कारण म्हाताऱ्या बारीक माणसात १.३ सुद्धा साधा आकडा नसतो. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, नावं पाठ नसतात कोणाला. दुखण्याची गोळी (ब्रुफेन, डायक्लोफेनॅक) आधीचे दिवस बंद ठेवायची का ते विचारा. शुगरची मेटफॉर्मिन कधी कधी तपासणीच्या वेळेपासून ४८ तास थांबवतात आणि किडनी ठीक दिसली की परत चालू करतात, पण हे प्रत्येकाला लागू नाही, मनाने बंद करू नका.

उपाशी म्हणजे पाणीही नाही का, किती वाजेपर्यंत चालेल, हे स्पष्ट विचारून घ्या भाऊ, आमची चूक इथेच झाली. जळगाव-भुसावळच्या उन्हात शेतावरून आलेला माणूस आधीच कोरडा असतो. किडनी कमजोर असेल तर तपासणीच्या आधी आणि नंतर सलाईन लावतात, तेच सगळ्यात कामाचं. मात्र हार्ट फेल्युअरवाल्याला पाणी मोजूनच असतं, त्याला घरच्यांनी आग्रहाने तांब्यावर तांबे पाजू नका.

डाय जाताना अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, ते नॉर्मल आहे. खाज, दम लागणं, चेहरा सुजणं, हे मात्र तिथल्या तिथे ओरडून सांगा, ती ॲलर्जी, किडनीचा विषय वेगळा.

आणि घरी आल्यावर खरं काम. किडनीला मार बसला तर लगेच दुखत नाही, पुष्कळदा लघवीही नेहमीसारखीच होते, म्हणून जोखमीच्या माणसाचं क्रिएटिनिन ४८ ते ७२ तासांनी परत करायचंच, गावातल्या लॅबमध्ये केलं तरी चालतं. ०.३ नेही वाढलं तरी फोन करा. लघवी कमी झाली, पाय सुजले, तर तारखेची वाट बघू नका.

पण डायच्या भीतीने छातीत दुखणाऱ्याची अँजिओग्राफी पुढे ढकलू नका हो, तिथे हृदय आधी. नानांचा ब्लॉक ९० टक्के निघाला होता.