हार्ड डिस्क अर्धी रिकामी ठेवली तर जास्त टिकते का?

आपल्याकडे लग्नाचं शूटिंग करणारे काही जण ४ टीबीची डिस्क घेतात आणि २ टीबीचंच पार्टिशन (वापरायचा भाग) करतात, का तर म्हणे ताण कमी पडतो. फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य यानं वाढत नाही हो. डिस्क चालू असली की प्लॅटर, म्हणजे आतल्या चकत्या, मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे मारतातच, आत दहा फोटो असोत की गच्च भरलेली असो, मोटर आणि बेअरिंगची झीज तेवढीच होते. आणि सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा बारीक कप्पा, खराब झाला तर डिस्क स्वतःच्या राखीव साठ्यातला सेक्टर वापरते, तुम्ही सोडलेल्या जागेला ती हातही लावत नाही.

स्पीड मात्र थोडा वाढतो, कारण पहिलं पार्टिशन प्लॅटरच्या बाहेरच्या कडेला बसतं, तिथं एका फेऱ्यात जास्त डेटा वाचून होतो आणि डेटा वाचणाऱ्या हेडला लांब जावं लागत नाही.

एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवाल्या डिस्कचं, वेगळं आहे, तिथं १५-२० टक्के जागा मोकळी ठेवाच, कंट्रोलरला (आतल्या नियंत्रक चिपला) डेटा हलवायला जागा मिळते आणि झीज खरंच कमी होते.

आता त्याच ४ टीबीच्या पैशात काय करायचं? माझं ठाम मत, २ टीबीच्या दोन डिस्क घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. दोन्हीवर सगळा डेटा टाका आणि एक दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावात ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हा एकाच कपाटात दोन कॉप्या ठेवून काय उपयोग झाला असता?

पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते, म्हणून पीसीला यूपीएस हवाच, पण विजा कडाडायला लागल्या की प्लग सरळ काढून टाका. एसीतल्या गार खोलीतून डिस्क बाहेरच्या दमट हवेत आणली तर लगेच जोडू नका, तासभर तशीच राहू दे. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यावर स्टिकर चिकटवू नका. वापरात नसेल तेव्हा सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो (CrystalDiskInfo, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (संशयित सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) या ओळी बघा, शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं हवीत. सी५ चा आकडा वाढत चालला असेल तर डीफ्रॅग (फाइलींची फेरमांडणी) नको, फॉरमॅट नको, आधी महत्त्वाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला लावा.