जाहिरात, अग्रलेख, भाषण: पटवण्याच्या तऱ्हा ताडून कशा पाहाव्यात

पटवणारं लिखाण एकटं वाचलं की त्याच्या क्लृप्त्या सहसा नजरेत येत नाहीत. शेजारी दुसऱ्या जातीचं लिखाण ठेवलं की लगेच दिसतात. म्हणून आधी तीन प्रकारचे मजकूर गोळा करा. नागपुरात ते सहज मिळतात: वर्धा रोडकडच्या एखाद्या लेआउटची जाहिरात, वेगळ्या विदर्भावरचा अग्रलेख आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 15 ऑक्टोबर 1956 चं, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं इथलं भाषण. तिन्ही कागदावर घ्या. मोबाइलवर खुणा करायचा कंटाळा येतो, आणि कंटाळलेला वाचक मत ठोकून मोकळा होतो.

मग प्रत्येकाखाली एका ओळीत लिहा: वाचणाऱ्यानं वा ऐकणाऱ्यानं शेवटी काय करावं अशी अपेक्षा आहे? जाहिरातीला रविवारची साइट व्हिजिट आणि टोकन हवं. अग्रलेखाला तुमचं मत हवं. भाषणाला अख्खं जगणं बदलायचं आहे. मागणी जितकी मोठी तितकी समजूत घालावी लागते. चार इंचांच्या चौकटीत प्लॉट खपतो, धम्म पटत नाही.

आता तीन रंगांची पेनं. ॲरिस्टॉटलनं सांगितलेले तीन आधार आजही पुरतात: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. वाक्यावाक्याला रंग द्या. एकाला दोन लागले तरी चालेल.

समजा जाहिरातीत असं आहे: ‘भाऊ, विमानतळापासून फक्त 15 मिनिटं! आरएल मंजूर. मोजकेच प्लॉट शिल्लक.’ ‘भाऊ’ला विश्वासाचा रंग, कारण आपल्यातलाच कुणी बोलतोय असं वाटतं. ‘मोजकेच’ला भावनेचा; हातचं जाईल ही धास्ती. ‘15 मिनिटं’ दिसायला युक्तिवाद, पण किलोमीटर का नाही लिहिले? किलोमीटर मोजता येतात. मिनिटं पहाटे पाचची की संध्याकाळी सातची, हे विचारायचं कुणाला? आरएल, म्हणजे रिलीज लेटर, लेआउटमधले प्लॉट मोकळे केल्याचं प्राधिकरणाचं पत्र, मात्र मागून बघता येतं. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक द्यावाच लागतो, ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. तो कोणत्या कोपऱ्यात, किती बारीक छापलाय ते पट्टी लावून बघा. जे पडताळता येतं ते बारीक आणि जे येत नाही ते ठळक असेल, तर तशी नोंद करा.

अग्रलेखाला ही पट्टी पुरत नाही. तिथल्या तारखा बहुधा खऱ्या असतात, खेळ निवडीचा असतो. विदर्भवादी लिहितो, राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं 1955 मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. समोरचा लिहितो, विदर्भासह एकच मराठी राज्य करण्याच्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारावर विदर्भातल्या नेत्यांच्याही सह्या आहेत. दोन्ही खरं. करार तर दोघंही वापरतात. एकाला त्यातल्या सह्या दिसतात, दुसऱ्याला न पाळलेली आश्वासनं. त्यामुळे इथं पेन बाजूला ठेवा आणि समासात लिहा: यानं काय गाळलं? शक्यतो दोन्ही बाजूंचे लेख घ्या, एकाचं गाळलेलं दुसऱ्याकडे सापडतं.

भाषणात एक वेगळी गोष्ट हाती लागते. दीक्षेसाठी नागपूरच का, ही लोकांच्या मनातली शंका बाबासाहेब स्वतःच मांडतात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथं आहे म्हणून ही जागा निवडली, असा तर्क काही जण लढवत होते. तोही ते उच्चारतात, नाकारतात आणि मग नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला हा इतिहास पुढे ठेवतात. विरोधी मुद्दा आपल्याच तोंडून सांगण्यानं ऐकणारा निःशंक होतो. हेच तंत्र इतर दोन मजकुरांत शोधा. जाहिरातीत मिळणार नाही. ‘लोक म्हणतात प्लॉट फार आडबाजूला आहे’ असं कोण छापेल? अग्रलेखात मिळेल, पण बरेचदा आधीच लुळा करून उभा केलेला.

शेवटी तुलना लिहायला घ्या. एकेका मजकुरावर एकेक परिच्छेद पाडला तर तीन परीक्षणं होतात, तुलना होत नाही. परिच्छेद तंत्रांचे पाडा: आकडे कोण कसे वापरतं, जवळीक कोण कशी साधतं, विरोधकाला कोण किती जागा देतं. दर विधानामागे मजकुरातला एखादा शब्द किंवा वाक्य हवं. आणि ‘प्रभावी’ हा शब्द आला की थांबून पुढे कुणावर ते लिहा: पहिलं घर बांधू पाहणारं जोडपं, की भाव चढायची वाट बघणारा इतवारीतला व्यापारी?