टर्बो मॅनिफोल्ड बदलताय? आधी स्टडकडं बघा

माझ्याकडं केए २२ (बेळगाव) पासिंगची जुनी ऑक्टेव्हिया आरएस आहे, १.८ लिटर, २० व्हॉल्व्हची टर्बो. तिला आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपनीचा) मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून टर्बोच्या पंख्यात सोडणारा पाइप, बसवला तेव्हा कळलं की मॅनिफोल्ड बसवणं तासाभराचं काम आहे, खरा वेळ जातोय तो जुने नट सोडवण्यात आणि फ्लॅंज (मॅनिफोल्डची इंजिनला टेकणारी पट्टी) सपाट करून घेण्यात. ह्या दोन गोष्टींत घाई केली की लीक ठरलेला.

आमच्याकडं पावसाळा असा असतोय की गाडी चार महिने ओलीच, त्यामुळं एक्झॉस्टचे नट गंजून स्टडला (इंजिनच्या हेडमधनं बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांना) चिकटलेले असतात. काम रविवारी करायचं असेल तर गुरुवारपासून रोज रात्री थंड इंजिनवर गंज सोडवायचं तेल मारा. सोडवताना एकदम उलटा जोर लावू नका, आधी किंचित आवळा, टक्क असा आवाज आला की मग सोडवा, परत थोडं आवळा, परत सोडवा, असं हळूहळू. तेल मारलेल्या जागी गॅसची ज्योत अजिबात नको, आग लागते. हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून तुटलेला स्टड ड्रिलनं काढताना जरा तिरकं गेलं तर थ्रेडच जातात. त्यापेक्षा तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून घ्या, तापला की बहुतेक वेळा निघतोय. वेल्डिंगआधी मारलेलं तेल नीट पुसून घ्या आणि बॅटरीचे टर्मिनल काढा.

ह्या गाडीत एक्झॉस्टची बाजू मागं, फायरवॉलकडं आहे, हात जायला जागा नाही. आधी गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, कृपा करून), कूलंट काढा, खालून डाउनपाइप (टर्बोतनं धूर खाली नेणारा पाइप) सोडवा, मग टर्बोचे ऑइल आणि पाण्याचे पाइप. टर्बो तारेनं बांधून ठेवा, पाइपवर वजन येऊ देऊ नका. उघड्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबा, एक नट आत पडला तर टर्बाइन गेलं, आणि जोडताना ते कापड काढायला विसरू नका!

आता नवीन मॅनिफोल्ड. स्टेनलेसच्या पाइपचा दिसायला भारी, पण वेल्डिंग करताना फ्लॅंज वाकतोय. माझा नवाकोरा होता, स्टीलची पट्टी धरून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर मधे ०.३ मिलिमीटर फट! ०.१ च्या वर असेल तर सरळ उद्यमबागेत घेऊन जा, तिथं सरफेस ग्राइंडिंगवाले आहेत, थोडक्यात काम होतंय. रोजच्या गाडीला मी जाड कास्ट आयर्नचाच सांगेन, कारण स्टेनलेस तापल्यावर जास्त फुगतंय आणि टर्बोचं वजन लटकलेलं असलं की वेल्डला तडे जातात.

गॅस्केट, नट, तांब्याचे वॉशर सगळं नवीन घ्या, जुनं परत वापरू नका. सिलिकॉन लावायचा मोह टाळा, तिथल्या उष्णतेत ते जळून जातंय. नट मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं आवळा, आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच.

चालू करायच्या आधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं ताजं ऑइल ओता, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. कोरड्या बेअरिंगवर टर्बो फिरवायचा नाही. फ्यूज लावून, कूलंट भरून चालू केल्यावर थोडा धूर येईल, काम करताना हाताचं लागलेलं ऑइल जळतंय ते. पण थंड इंजिनवर टिक-टिक आवाज येत असेल आणि तापल्यावर कमी होत असेल तर गॅस्केटकडं लीक आहे.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर नट परत तपासा, चोर्ला घाटातनं एक फेरी मारून आल्यावर अजून एकदा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) काढू नका, पीयूसीला अडेल, आणि जुना मॅनिफोल्ड भंगारात घालू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरनं (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं कलम) कुणी विचारलं तर परत बसवायला लागेल.