स्वतंत्र गेम डेव्हलपर व्हायचे असेल तर

गेम कसा असावा, याबाबत शेवटचा शब्द ज्याचा असतो आणि त्या निर्णयांची किंमतही ज्याला स्वतःच मोजावी लागते, तो स्वतंत्र डेव्हलपर. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’चे प्रोग्रॅमिंग, चित्रे, संगीत आणि संवाद हे सारे सुमारे साडेचार वर्षे खपून एकट्याने केले. २०१६ मध्ये तो गेम बाजारात आणताना प्रकाशक सोबत होता, पण गेम पूर्णपणे त्यांचाच होता. मात्र पहिल्या गेमसाठी हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवू नये. नोकरी सांभाळून तीन-चार महिन्यांत हातावेगळा होईल, एवढाच गेम निवडावा. अर्धवट राहिलेल्या मोठ्या गेमपेक्षा पूर्ण झालेला छोटा गेम कितीतरी अधिक शिकवतो.

इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बनवतात ते सॉफ्टवेअर, निवडताना परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात. युनिटी या इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलच्या संख्येवर शुल्क लावण्याचे जाहीर केले आणि डेव्हलपरांच्या तीव्र विरोधानंतर वर्षभराने ते मागे घेतले. गोडो हे मुक्तस्रोत इंजिन असून त्यावर रॉयल्टी द्यावी लागत नाही. द्विमितीय गेमने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवेन.

आता खऱ्या कामाकडे वळू. सुरुवातीला चित्रांच्या मागे लागू नये. साध्या चौकोनांवरच गेमची मुख्य क्रिया घडवावी आणि ती हाताला गोड लागेपर्यंत घासत राहावी. उडी मारण्याचेच उदाहरण घेऊ. खेळाडू कड्याच्या टोकावर बटण दाबतो, पण पात्र क्षणभर आधीच कड्यावरून सुटलेले असते. उडी लागत नाही आणि खेळाडूला गेमने अन्याय केल्यासारखे वाटते. म्हणून कडा सुटल्यानंतरही पाच-सहा फ्रेमपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत, उडी मान्य करावी. ‘सेलेस्ट’ या गेममध्ये अशीच सवलत आहे. ती खेळाडूच्या लक्षातही येत नाही, पण काढून टाकली की नियंत्रण लगेच खटकते. असे बारकावे जपायला वेळ हवा असतो, म्हणूनच पातळ्या आणि शस्त्रे यांची यादी आखूड ठेवावी.

पहिला टप्पा खेळण्याजोगा झाला की तो अनोळखी माणसाच्या हाती द्यावा, मागे गप्प बसावे आणि तो कुठे अडतो ते टिपून घ्यावे. मध्येच काही समजावून सांगण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण विकत घेणाऱ्याच्या शेजारी आपण बसलेले नसतो.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात; विक्री १,००० डॉलरवर गेल्यावर ते परत मिळतात. विक्रीतला ३० टक्के वाटा सुरुवातीला स्टीमचा असतो. ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे आधी लावण्याची अट आहे, पण विशलिस्ट, म्हणजे गेम पुढे घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवणाऱ्यांची संख्या, वाढायला वेळ लागतो, त्यामुळे ते काही महिने आधीच लावावे. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम खरेदीपासून चौदा दिवसांत परत करता येतो, तेव्हा गेमचा उत्तम भाग शेवटासाठी राखून ठेवू नये.

पैशांबाबत लोकवर्गणीवर विसंबू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ या गेमची किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही, तरी २०२० मध्ये गेम आला, हे त्या चमूच्या चिकाटीचे फळ. एकट्याने काम करणाऱ्याने निदान वर्षभराचा घरखर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडू नये, आणि गेम प्रसिद्ध झाल्यानंतरचे दोन आठवडे चुका दुरुस्त करण्यासाठी मोकळे ठेवावेत.