क्लाउड शिकताना: स्टोरेज कोणते, कॅशे कोणता आणि मेसेजची रांग कोणती?

क्लाउडच्या सुरुवातीच्या सर्टिफिकेशनची तयारी करताना एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो: यांपैकी डेटा कायमस्वरूपी साठवणाऱ्या सर्व्हिसेस कोणत्या? पर्यायांत अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधली नावे असतात: एस-थ्री (फाइली ठेवण्याची जागा), ईबीएस (क्लाउडमधल्या मशीनला जोडायची डिस्क), इलास्टिकॅशे (कॅशे, म्हणजे वारंवार लागणारा डेटा चटकन मिळावा म्हणून मेमरीत ठेवायची जागा) आणि एसक्यूएस (एका प्रोग्रॅमने दुसऱ्यासाठी ठेवलेल्या मेसेजची रांग). डेटा चारही ठिकाणी ठेवता येतो, त्यामुळे व्याख्या पाठ असूनही मुले अडतात. टीममध्ये नव्याने येणाऱ्यांची तयारी करून घेताना मी व्याख्या बाजूला ठेवायला सांगतो आणि एवढेच विचारतो: हे आत्ता पुसले गेले, तर परत कुठून आणणार?

समजा, एका अ‍ॅपवर कोणी फोटो चढवला. मूळ फाइल एस-थ्रीच्या बकेटमध्ये, म्हणजे फाइली ठेवण्याच्या कप्प्यात गेली, तिची नोंद डेटाबेसमध्ये झाली. फोटोची छोटी प्रत तयार करायची म्हणून एसक्यूएसमध्ये एक मेसेज पडला. त्यात फोटो नाही, फक्त फाइलचा पत्ता आहे. मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमने तो मेसेज उचलला, प्रत बनवून पुन्हा एस-थ्रीत ठेवली. मग तो फोटो वारंवार पाहिला जाऊ लागला, म्हणून त्याची माहिती रेडिसमध्ये, म्हणजे इलास्टिकॅशेवर चालणाऱ्या कॅशेमध्ये आली. आता एकेक गोष्ट पुसून पाहा. रेडिस रिकामे झाले तर अ‍ॅप थोडा वेळ मंदावेल, डेटाबेसवरचा भार वाढेल आणि कॅशे हळूहळू पुन्हा भरेल. रांग रिकामी झाली तर काही फोटोंच्या छोट्या प्रती बनणार नाहीत; पण मूळ फाइली जागेवर आहेत, त्यामुळे राहिलेले फोटो शोधून मेसेज पुन्हा टाकता येतील. बकेटच गेली तर मात्र हातात काही उरत नाही. शेवटची प्रत जिथे असते ते स्टोरेज.

डेटा कोण पुसतो, हेही याच उदाहरणात पाहून घ्या. स्टोरेजमधला डेटा तुम्ही सांगितल्याशिवाय जात नाही. कॅशेमधला डेटा मुदत संपली किंवा मेमरी भरली की तुम्हाला न विचारता जाऊ शकतो, आणि ते योग्यच आहे. रांगेतला मेसेज काम झाल्यावर घेणाऱ्याने काढायचा असतो. एसक्यूएसमध्ये मेसेज वाचला म्हणजे तो गेला असे नसते. तो मुळातल्या सेटिंगप्रमाणे ३० सेकंद इतरांपासून लपतो, तेवढ्यात डिलीट केला नाही तर पुन्हा दिसू लागतो. कोणी हातच लावला नाही तर ४ दिवसांनी जातो. ही मुदत जास्तीत जास्त १४ दिवसांपर्यंत वाढवता येते. चौदा दिवस हा आकडा मोठा वाटतो, म्हणून काहीजण एसक्यूएसला स्टोरेज म्हणून मोकळे होतात. पण हवा तो मेसेज आयडी देऊन तिथून मागता येत नाही. रांग देईल तो घ्यायचा. शोधता येत नाही आणि मुदतीनंतर उरत नाही, अशा जागेवर हिशेब ठेवता येत नाही.

खरा गोंधळ रेडिसपाशी होतो. इलास्टिकॅशेवर चालणारे दुसरे सॉफ्टवेअर मेमकॅश्ड २००३ मध्ये कॅशे म्हणूनच जन्माला आले आणि आजही मुळात डेटा मेमरीत ठेवते, त्यामुळे तिथे शंका उरत नाही. २००९ मध्ये आलेले रेडिस मात्र डिस्कवरही लिहू शकते. मग ते स्टोरेज का नाही? हे वाचून पटत नाही, करून पाहावे लागते. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या चौकटीत चालवणारे साधन) नवे रेडिस चालू करा, दोन-तीन कीज, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या नोंदी टाका आणि कंटेनर नीट 'स्टॉप' करून पुन्हा सुरू करा. कीज तशाच सापडतील, कारण बंद होताना रेडिसने डेटा डिस्कवर उतरवला. आता आणखी दोन कीज टाका आणि लगेच कंटेनर 'किल' करा, म्हणजे सावरायला वेळ न देता बंद पाडा. पुन्हा सुरू केल्यावर या नव्या कीज नसतील. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एओएफ पर्याय चालू केला, तरी त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटच्या साधारण एका सेकंदाचे लिखाण जाऊ शकते. फोटोच्या माहितीला हे चालते, पैशाच्या नोंदीला अजिबात चालत नाही.

एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांची खरेदीची टोपली फक्त रेडिसमध्ये होती. देखभालीत रेडिस चालवणारे मशीन (नोड) बदलले गेले आणि भरलेल्या टोपल्या नाहीशा झाल्या. रेडिसने आपले काम चोख केले होते. शेवटची प्रत त्याच्याकडे सोपवणेच चुकीचे होते. (टिकाऊ लिखाणाची हमी देणारी, रेडिसच्याच पद्धतीने बोलणारी मेमरीडीबी ही अ‍ॅमेझॉनची वेगळी सर्व्हिस आहे. तिला इलास्टिकॅशेच्या गटात बसवू नका.)

सर्व्हिसच्या नावावर विसंबू नका. गूगलचे मेमरीस्टोअर हा कॅशे आहे. मायक्रोसॉफ्ट अझ्युरचे क्यू स्टोरेज राहते स्टोरेज अकाउंटमध्ये, पण काम मेसेजिंगचे करते आणि मेसेजची मुदत मुळात ७ दिवस असते. ईसी-टू या अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या मशीनमधला इन्स्टन्स स्टोअर म्हणजे खरीखुरी डिस्क, तरीही मशीन स्टॉप केले की तिच्यावरचा डेटा जातो. म्हणून कायमच्या डेटासाठी ईबीएस.

एस-थ्रीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट असू द्या. अकरा नऊ, म्हणजे ९९.९९९९९९९९९% टिकाऊपणा, हा हार्डवेअर बिघडण्याविरुद्धचा भरवसा आहे. तुम्हीच चुकीची फाइल पुसलीत, तर हा आकडा मदतीला येत नाही. त्यासाठी व्हर्जनिंग, म्हणजे फाइलीच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय, चालू ठेवावे लागते. मुलाखतीत हा फरक सांगणारा उमेदवार मला लगेच आवडतो, कारण त्याने आकड्यामागचा अर्थ समजून घेतलेला असतो.

राहिला काफ्का, म्हणजे मेसेज ओळीने नोंदवून ठेवणारे सॉफ्टवेअर. तिथे वाचल्याने मेसेज जात नाही, मुदत मुळात ७ दिवस असते आणि हवी तर अमर्याद करता येते. म्हणून काही टीम्स काफ्कालाच मूळ नोंदवही मानतात आणि विचारपूर्वक केले तर ते चालते. परीक्षेत त्याला आणि अ‍ॅमेझॉनच्या किनेसिस या तशाच सर्व्हिसला स्ट्रीमिंगच्या (सतत वाहत येणाऱ्या डेटाच्या) गटात ठेवा. कामावर मात्र टीमला सरळ विचारा, मुदत किती ठेवली आहे आणि त्याआधीचा डेटा कुठे उतरवला जातो. उत्तर कोणालाच माहीत नसेल, तर पुढचे डिझाइन थांबवून आधी तेवढे शोधून काढा.