पट्टा बदलूनही आवाज जात नसेल तर

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचा फॅन बेल्ट दोनदा बदलला. दोन्ही वेळा आवाज पंधरा-वीस दिवस गप्प बसला आणि परत आला. सकाळी सव्वासातला कळव्याला सोसायटीच्या आवारात गाडी चालू केली की चिव-चिव-चिव, बोनेटखाली चिमणी अडकल्यासारखी. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गॅरेजवाले म्हणाले, "ताई, आता अल्टरनेटरच बदलावा लागेल." म्हणजे पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग. मी गाडी तशीच घरी आणली.

महापे एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं मेंटेनन्सला आहे. दिवसभर कन्व्हेअर, मोटर आणि पुल्या, म्हणजे पट्टा ज्यांवरून फिरतो ती चाकं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतात, ओरडतो पट्टा, पण दुखत असतं पुलीला. गाडीच्या इंजिनालाही हेच लागू आहे. म्हणून पार्ट विकत घ्यायच्या आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. त्याला एक रविवार आणि घरातलंच सामान पुरतं.

सुरुवात कागद-पेनाने करा. आठवडाभर आवाज कधी येतो आणि कधी जातो ते लिहून ठेवा. इंजिन थंड असताना की तापल्यावर? एसी लावल्यावर वाढतो का? रेस दिली की चिवचिव जलद होते का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येतो का? हा शेवटचा प्रश्न जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी आहे, कारण त्यांत स्टिअरिंगचा पंपही पट्ट्यावरच फिरतो. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर तो सोडून द्या.

माझ्या कागदावर बुधवारच्या रकान्यात एक ओळ होती: "विटाव्याच्या पुलाखाली पाणी. त्यानंतर ऐरोलीपर्यंत आवाज नाही." त्या रेल्वे पुलाखाली पाऊस जरा जोरात झाला की पाणी तुंबतं, हे ठाणे-बेलापूर रस्त्याने रोज जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या दिवशी पाणी चाकाच्या निम्म्याहून कमी होतं, पण पट्टा भिजण्यापुरतं खालून उडालं. भिजल्यावर आवाज गेला, सुकल्यावर परत आला. पुढचा सगळा तपास मी याच एका ओळीवरून केला.

आवाजाची जात ओळखता येते. लांबलचक किंकाळी, विशेषतः गाडी चालू करताना किंवा एसी लावताना, म्हणजे पट्टा घसरतोय: ताण कमी आहे, पट्टा झिजलाय किंवा त्यावर तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सांडलंय. तुटक, तालात येणारी चिवचिव म्हणजे पट्टा पुलीवर तिरका बसतोय, कुठली तरी पुली सरळ रेषेत नाही. आणि घरघर किंवा दळण दळल्यासारखा आवाज आला, रेसबरोबर चढत गेला, तर तो बेअरिंगचा, म्हणजे पुली ज्यावर फिरते त्या आतल्या कड्याचा. पाण्याने त्यात काही फरक पडत नाही.

आता पाण्याची चाचणी. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा आणि मोकळ्या हवेतच हे करा. केस बांधा, ओढणी काढून ठेवा, बाह्या दुमडा. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, तेव्हा त्याच्या आसपास बोटं न्यायचीच नाहीत. झाडांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या. इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर साधं पाणी मारा. आवाज थांबला आणि थोड्या वेळाने परत आला तर पुल्यांच्या रेषेत गडबड आहे. पाणी पडताच आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, ताण बघा.

बाटली माझ्या मुलीच्या हातात होती. "आई, मारू?" "मार." दोन फवारे बसले आणि चिवचिव एकदम बंद. ती मोठ्याने आकडे मोजत होती. बाविसाव्या आकड्याला चिमणी परत बोलू लागली. अजून दोनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे ताण ठीक होता. दोन नवे पट्टे नाहक गेले होते आणि अल्टरनेटरही नाहकच जाणार होता.

पण वाकडी पुली कुठली? माझ्या गाडीत एकच लांब पट्टा आहे. तो क्रँकच्या, म्हणजे इंजिन स्वतः फिरवतं त्या पुलीवरून निघून वॉटर पंप, अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. मध्ये एक गुळगुळीत पुली आहे. ती स्वतः काहीच चालवत नाही, फक्त पट्ट्याला वाट दाखवते. तिला आयडलर म्हणतात. बऱ्याच गाड्यांत पट्ट्याचा ताण आपोआप राखणारा स्प्रिंगवाला टेन्शनरही असतो. तुमच्या गाडीत पट्टा कसा फिरतो याचं चित्र कधी कधी बोनेटखाली चिकटवलेलं असतं. नसेल तर पट्टा काढण्याआधी कागदावर काढून ठेवा. हे टाळू नका, नंतर संध्याकाळ तिथेच जाते.

इंजिन थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत करंट कायम असतो, पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणगी उडते. मग ताण ढिला करून पट्टा उतरवा.

पट्टा हातात आला की आधी तोच वाचा. हल्लीचे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात. जुन्या निओप्रीनसारख्या भेगा त्यांना सहसा पडत नाहीत, ते गाडीच्या टायरसारखे हळूहळू झिजतात. त्यामुळे "भेग नाही, म्हणजे पट्टा चांगला" हे आता खरं राहिलेलं नाही. नवा पट्टा शेजारी धरून खाचा झिजून रुंद झाल्यात का ते बघा. माझा पट्टा जेमतेम तीन आठवड्यांचा होता, खाचा नव्यासारख्याच होत्या. पण एकाच कडेचे धागे बाहेर आले होते, साडीच्या सुटलेल्या काठासारखे. दुसरी कड कोरी करकरीत. पट्टा एका बाजूला घासत चालला होता.

मग एकेक पुली हाताने फिरवायची. अल्टरनेटरची: मऊ फिरली, आवाज नाही. वॉटर पंपाची: किंचित जड, पण एकसारखी, आणि पंपाखाली कूलंटचा ओघळही नाही. कॉम्प्रेसरची बाहेरची पुली: ठीक. आयडलरला बोटाने टिचकी मारली तर ती फिरतच राहिली, कोरडी खरखर करत. चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, ते पुलीला थोडं धरून ठेवतं. ग्रीस संपलेली पुली भिंगरीसारखी फिरते, आणि ती इतकी हलकी फिरते म्हणून चांगली आहे असं माणसाला वाटतं. ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे.

दोन बोटांनी तिची कड धरून पुढे-मागे हलवली. टक, टक. डोळ्याला दिसेल इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा. टॉर्च जवळ नेला तर बेअरिंगच्या सीलभोवती तांबूस पूड साचलेली होती, ओल्या मिसरीसारखी. बोटावर घेऊन चोळली तर कचकच लागली. पट्ट्याचा दाब आला की पुली जराशी कलायची, पट्टा तिरका चालायचा आणि चिमणी बोलायची. नवं रबर काही दिवस हे सोसायचं, मग कड घासली की पुन्हा सुरू.

एवढं दिसल्यावरही मी एक खात्री केली. बॅटरीची तार परत जोडली, पाने आणि फडकी बाजूला केली आणि पट्ट्याशिवाय इंजिन वीस सेकंद चालू केलं. पूर्ण शांत. इथे सांभाळून राहा. पट्टा नसताना वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही बंद असतात, बॅटरीचा लाल दिवा लागतो, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका. पट्टा काढूनही आवाज येत असेल तर दुखणं इंजिनाच्या आत, टायमिंगच्या बाजूला असू शकतं. तिथे घरी हात घालू नका, जाणत्या मेकॅनिककडे जा.

माझ्या आयडलरच्या बेअरिंगवर 6203 हा आकडा कोरलेला होता: आतलं भोक 17 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 40, जाडी 12. आमच्या कारखान्यात हे बेअरिंग डझनाने लागतं. पण पुलीची गुळगुळीत बाजूही एका कडेला घासून चकाकत होती, म्हणून मी अख्खी पुली नवी घेतली. नुसतं बेअरिंग ठोकून बसवायचा मोह होतो. ते हातोडीने बसवलं तर पहिल्याच दिवशी खराब होतं, दाबून बसवणारा प्रेसच लागतो.

पट्टाही नवाच घातला, कारण एकदा कड सुटलेला पट्टा सरळ पुलीवरही नीट चालत नाही. पुल्या फडक्याने कोरड्या पुसून घेतल्या. ताण किती द्यायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं, तेवढाच द्या. आवाज येऊ नये म्हणून पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात, आणि मग खरोखरच अल्टरनेटरची आणि वॉटर पंपाची बेअरिंगं जातात.

चालू पट्ट्यावर साबणाची वडी घासणारे मिस्त्री अजून आहेत. कुणी मेण लावतं, कुणी बाटलीतला स्प्रे मारतं. हे करू देऊ नका. दोन दिवस आवाज दबतो, चिकट थरावर धूळ बसते, पट्टा आणखी घसरतो आणि खरी खूण पुसली जाते. तपासाला बसाल तेव्हा पाणीसुद्धा खोटं बोलायला लागतं.

नवा पट्टा खाचांत बसला की थोडा सैल होतो. माझ्या गाडीत ताण हाताने द्यावा लागतो, म्हणून मी दोन आठवड्यांनी परत तपासला. अर्धा आटा घट्ट करावा लागला. त्या दिवशी मुलगी फवाऱ्याची बाटली घेऊन खाली आली होती, पण पाणी मारण्यासारखं काही ऐकूच येत नव्हतं.